नाताळचं ताट आणि पाक न लागणारी वडी

दर नाताळला आमच्या वरच्या मजल्यावरून एक ताट खाली येतं. स्टीलचं मोठं ताट, त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालाखाली करंज्या, चकल्या, मूठभर कुलकुल (शंकरपाळ्यांसारखेच गोड, तळलेले) आणि प्लमकेकचे चार जाड तुकडे. ती मंडळी मूळची नगरकडची. त्यांच्या नाताळच्या फराळात आणि आपल्या दिवाळीच्या फराळात फरक काय तो केकचा. आलेलं ताट रिकामं परत पाठवायचं नाही, हा नियम वरही आहे आणि खालीही. पूर्वी आमच्याकडून त्या ताटात रव्याचे लाडू जायचे. चार वर्षांपूर्वी बायकोचा खांदा धरला, लाडू वळणं थांबलं आणि ताटाचं काम माझ्याकडे आलं.

मी एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं साहाय्यक होतो. द्रावणं करून ठेवायची, काचसामान मोजून घ्यायचं आणि कुणी ब्युरेट न धुता ठेवली की ओरडायचं. एवढं करूनही साखरेचा पाक मला एकदाही जमलेला नाही. नारळाच्या वड्या आयुष्यात दोनदा केल्या. पहिल्या खेपेच्या चमच्याने खाल्ल्या, दुसऱ्या खेपेच्या बत्त्याने फोडल्या. बायको चिमटीत पाक धरून बोटं लांब करते आणि म्हणते, "झाला, उतरवा." मला ती तार कधी दिसलीच नाही. तेव्हा ताट माझ्याकडे आल्यावर मी शोधत होतो ती पाक नसलेली वडी.

ती सुचवली नातीने. चॉकलेट वितळवायचं, त्यात मार्शमेलो (साखरेची मऊ, फुगीर मिठाई), बिस्किटाचे तुकडे आणि दाणे घालायचे, डब्यात थापायचं, गार झालं की वड्या पाडायच्या. इंग्रजीत याला रॉकी रोड म्हणतात, म्हणजे खडकाळ रस्ता. पुण्यात दुचाकी चालवणाऱ्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या ओकलंडची एक गोष्ट सांगतात. तिथल्या विल्यम ड्रायर नावाच्या आइस्क्रीमवाल्याने म्हणे १९२९ मध्ये बायकोची शिवणाची कात्री घेतली, मार्शमेलो बारीक कापले आणि अक्रोडाबरोबर चॉकलेट आइस्क्रीममध्ये घातले. त्याच गावात या आइस्क्रीमवर हक्क सांगणारे दुसरेही आहेत, त्यामुळे श्रेय कुणाचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. कात्रीचं मात्र खरं. मार्शमेलो सुरीने कापायला गेलं की दबतो, चिकटतो आणि सुरीबरोबर वर येतो. कात्रीच हवी. फक्त ती शिवणाची घेऊ नका. कात्री परत मिळाल्यावर ड्रायरबाई काय म्हणाल्या ते गोष्टीत येत नाही, आमच्याकडे काय झालं ते मला आठवतं.

आता सामान. आठ इंची चौकोनी डब्याला ४०० ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट, १५० ग्रॅम मार्शमेलो, १०० ग्रॅम मारी बिस्किटं, १०० ग्रॅम भाजलेले दाणे किंवा दाणे आणि बदाम मिळून तेवढेच, एक मोठा चमचा बिनमिठाचं लोणी आणि चिमूटभर मीठ. याच्या सहा बाय सहा अशा ३६ वड्या पडतात, एकेक साधारण २० ग्रॅमची. यापेक्षा मोठ्या पाडू नका. फार गोड आणि जड होतं, एका बैठकीला दोन पुरतात. वजनकाटा नसेल तर मारीचा छोटा पुडा आणि पोहे खायच्या वाटीने एक वाटी दाणे असं धरलं तरी चालेल, कारण या वडीला वाटीभर इकडेतिकडे चालतं. पाकाच्या वडीला चालत नाही, म्हणून तर इथे आलो.

सामानासाठी मी रविवार पेठेत, बोहरी आळीत जातो. आनंदनगरला मेट्रोत बसतो, सिव्हिल कोर्टाला उतरून सरकत्या जिन्याने पार खाली जातो आणि स्वारगेटच्या गाडीने मंडईला. तिथून चालत. केकचं सामान, बटर पेपर, कागदी वाट्या, डबे, सगळं त्या भागात मिळतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जाऊन या, नंतर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. कॅम्पात राहत असाल तर एवढ्या लांब यायला नको, तिकडे नाताळचं सामान घराजवळच मिळेल.

चॉकलेट घेताना पाकीट उलटून वाचा. लादीवर "कंपाउंड" लिहिलेलं असेल तर त्यात कोकोआ बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. जाणकार नाक मुरडतात. मुरडू देत. खऱ्या चॉकलेटमधलं कोकोआ बटर सहा वेगवेगळ्या प्रकारांनी गोठू शकतं, आणि चकाकी, तोडताना येणारा टक्क आवाज हे फक्त पाचव्या प्रकारात मिळतं. तो साधायचा तर डार्क चॉकलेट आधी ४५ अंशांच्या वर न्यायचं, मग २७-२८ पर्यंत उतरवायचं, मग पुन्हा ३१-३२ वर आणून तिथेच धरून ठेवायचं. याला टेंपरिंग म्हणतात. हे न करता खरं चॉकलेट नुसतं वितळवून थापलं तर दुसऱ्या दिवशी वडीवर राखाडी पट्टे येतात आणि बोटाला चॉकलेट लागतं. कंपाउंडला ही भानगड नाही. वितळवा, ओता, गोठतं. मला टेंपरिंग येतं, थर्मामीटर घेऊन बसायची सवय आहे, तरीसुद्धा मी या वडीला कंपाउंडच घेतो. आत मार्शमेलो, बिस्किट आणि दाणे एवढी गर्दी असताना चॉकलेटची चकाकी बघणार कोण? कंपाउंडमध्ये मिल्क घेऊ नका, डार्कच घ्या. मार्शमेलोचा गोडवा पुरेसा असतो.

मार्शमेलोच्या पाकिटावरची खूण बघणं मात्र विसरू नका. साध्या मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. पाकिटावर चौकोनात तपकिरी त्रिकोण असेल तर ते मांसाहारी. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल तर शाकाहारी, त्यात जिलेटिनच्या जागी समुद्री शेवाळापासून काढलेलं काहीतरी असतं. पहिल्या वर्षी मला हे सुचलंच नाही. वड्या झाल्या, छान झाल्या, आणि बायकोने कचऱ्यातलं पाकीट उचलून चष्मा लावून वाचलं. आमच्याकडे ती, तिची बहीण आणि शेजारच्या काकू असे तीन कट्टर शाकाहारी. त्या वर्षीच्या सगळ्या वड्या वर गेल्या. वरची मंडळी खूश झाली, एवढं मोठं परतीचं ताट त्यांना कधी मिळालं नव्हतं. तेव्हापासून हिरवा ठिपका. ते मार्शमेलो जरा कमी चिवट असतात, एवढाच फरक.

ताजेपणा ओळखायचा तर पाकीट बाहेरून दाबून बघा. बोट काढल्यावर मार्शमेलो फुगून मूळच्या आकाराला आला पाहिजे. खडूसारखा लागला तर ठेवून द्या. मला एका दुकानात जुना माल गळ्यात मारला होता, पाकिटाचं तोंड सुटलेलं आणि आत खडे. रंगीत घेऊ नका, त्यांना स्ट्रॉबेरीच्या सेंटचा वास येतो. पांढरेच घ्या.

मार्शमेलो हे मुळात एका झाडाचं नाव. युरोपात दलदलीच्या कडेला वाढणारं झुडूप, भेंडी आणि जास्वंदीच्या कुळातलं. त्याच्या मुळांत भेंडीसारखाच बुळबुळीत चिकट रस असतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले मिठाईवाले तो रस अंड्याचा पांढरा बलक आणि साखरेबरोबर फेटून ही मऊ मिठाई करायचे. पुढे रसाची जागा जिलेटिनने घेतली, झाड गेलं आणि नाव राहिलं. मी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती भेंडी चिरत होती. "म्हणजे मी रोजच करते की," म्हणाली.

कृती सुरू करायच्या आधी सगळी तयारी ओट्यावर मांडून ठेवा. चॉकलेट एकदा वितळलं की "जरा थांब हं, दाणे सोलायचे राहिलेत" असं त्याला सांगता येत नाही.

डब्याला आतून तुपाचा हात पुसटसा फिरवा आणि बटर पेपर असा बसवा की दोन बाजूंनी चार चार बोटं बाहेर राहील. पुढे ती टोकं धरून अख्खी लादी वर उचलायची आहे. तूप कागद जागेवर धरून ठेवायला, वडीला नाही. बटर पेपर नसेल तर दुधाची जाड पिशवी कापून, स्वच्छ धुऊन आणि पूर्ण वाळवून वापरा. आईच्या वड्या अशाच पिशवीवर थापलेल्या असायच्या.

दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजा. मोठ्या आचेवर साल काळं पडतं आणि आत दाणा कच्चा राहतो. एक दाणा गार करून चावून बघा, कुरकुरीत मोडला की झाले. चॉकलेटमध्ये कच्चट दाणा लगेच कळतो. गार झाल्यावर तळहातांत चोळा, सुपात नाहीतर ताटात पाखडून सालं उडवा. ही फुंकाफुंकी गॅलरीत करा. दाण्याची पाकळी सुटून दोन भाग झाले तर उत्तम, कूट मात्र करू नका. बदाम वापरणार असाल तर तेही भाजून प्रत्येकाचे तीन तुकडे करा.

मारी हाताने मोडा, एकाचे पाच-सहा तुकडे. मिक्सर नको, पिशवीत घालून लाटणं फिरवणंही नको. चुरा चॉकलेट पिऊन घेतो आणि मग वडी कोरडी लागते. मोडून झाल्यावर चुरा चाळणीने वेगळा काढा, तो चहाबरोबर तुमचा. एका वर्षी मला वाटलं, मारी हे काय बिस्किट आहे, चांगलं काहीतरी घालू. कयानी बेकरीची श्रूजबरी आणली, ईस्ट स्ट्रीटवर रांगेत उभं राहून. ती इतकी खुसखुशीत की ढवळताना विरघळून गेली, वडीत तिचा पत्ताच लागला नाही. श्रूजबरी नुसती खायची. मारी फिकी आणि कडक आहे, म्हणूनच इथे कामाची.

मार्शमेलो मोठे असतील तर कात्रीने चार तुकडे करा. कात्रीची पाती दर पाच-सहा कापांनंतर कॉर्नफ्लोअर आणि पिठीसाखरेच्या मिश्रणात बुडवून झटका, म्हणजे चिकटणार नाहीत. कापलेले तुकडेही याच मिश्रणात घोळवा, मग एका चाळणीत घेऊन जास्तीचं पीठ हलकेच झाडा. झाडायला विसरलात तर वडीत पांढरे पिठूळ ठिपके दिसतात. छोटे मार्शमेलो मिळाले तर हे सगळं वाचतं, पण मला कापलेले बरे वाटतात. कापलेली बाजू चॉकलेटला घट्ट धरून बसते.

आता चॉकलेट. लादीचे नखाएवढे बारीक तुकडे करा. मोठे ढेकूळ वितळेपर्यंत बाकीचं जास्त तापतं. मग वॉटर बाथ. पातेल्यात दोन बोटं पाणी घ्या, उकळी आली की गॅस अगदी बारीक करा. वर स्टीलचं असं भांडं ठेवा की ते पातेल्याच्या कडेवर नीट बसेल, वाफ बाजूने बाहेर येणार नाही, आणि त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. त्यात चॉकलेट आणि लोणी. लोण्याने वडी कापायला मऊ राहते, नाहीतर सुरीखाली तडकते. मिठाची चिमूट इथेच.

इथून पुढे एकच गोष्ट लक्षात ठेवायची. पाणी नको. एक थेंबसुद्धा नको. चॉकलेट म्हणजे तेलात तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे बारीक कोरडे कण. त्यात थेंबभर पाणी पडलं की साखर ओली होऊन कण एकमेकांना धरतात आणि चकचकीत रस बघता बघता घट्ट, रवाळ गोळा होतो. गंमत अशी की थेंबाने बिघडतं, पण भरपूर दुधाने सुधारतं. गरम दूध चमचा चमचा घालत घोटत राहिलं तर गोळ्याचा पुन्हा रस होतो. तो वडीला मात्र उपयोगाचा नाही, कारण मग गोठत नाही. पोळीबरोबर खा, दुधात घाला.

प्रयोगशाळेत मी मुलांना तीस-एकतीस वर्षं "भांडं कोरडं करून घ्या" म्हणत आलो. आणि घरी मीच ओला चमचा बुडवला. त्यातून तो होता लाकडी उलथना, फोडणीचा. म्हणजे चॉकलेटचा गोळा झालाच, वर त्याला हिंगाचा वास. त्या गोळ्याचं दूध घालूनही काही करता आलं नाही. तेव्हापासून एक सिलिकॉनचा चमचा वेगळा ठेवलाय, डब्यात, वर चिठ्ठी लावून. चिठ्ठी लावायची सवय जात नाही. दुसरी खबरदारी: चॉकलेटवर झाकण ठेवू नका. झाकणाला आतून वाफ धरते आणि तेच पाणी खाली टपकतं. भांडं उतरवताना बाहेरून ओला झालेला तळ आधी फडक्याने पुसा, मगच ते डब्यावर कलंडवा.

चॉकलेट तीन भाग वितळलं, एक भाग तुकडे दिसतायत, अशा वेळी भांडं खाली उतरवा. उरलेले तुकडे ढवळता ढवळता आतल्या उष्णतेने वितळतात. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने बाहेर काढून ढवळा. तिथे फसवणूक अशी होते की तुकड्याचा आकार तसाच राहतो आणि आत तो वितळलेला असतो. बघणाऱ्याला वाटतं, अजून झालं नाही. आणखी दोन मिनिटं लावली की मधोमध करपलेला डाग.

वितळलं की लगेच मार्शमेलो घालावेसे वाटतात. घालू नका. पाकाच्या वडीची परीक्षा तारेत असते, या वडीची इथे. चॉकलेट गरम असताना मार्शमेलो घातले तर ते बाहेरून विरघळतात, ढवळाल तशा त्यांच्या तारा सुटतात, आणि शेवटी तपकिरी रंगाचा चिकट शिरा तयार होतो. चवीला वाईट नसतो, पण चावताना मार्शमेलोचा मऊ तुकडा दाताखाली यावा, तीच तर मजा, ती जाते. माझ्याकडे थर्मामीटर आहे, मी ३८ अंशांची वाट बघतो. तुमच्याकडे नसेल तर तान्ह्या बाळाच्या बाटलीतल्या दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघतात ना, तसा चॉकलेटचा थेंब टाका. गरम वाटला तर थांबा. गारही नाही आणि गरमही नाही, नुसता ओला लागला, की वेळ झाली. तोवर दर मिनिटाला एकदा ढवळत राहा, कडेने साय धरू देऊ नका. डिसेंबरात पुण्यात संध्याकाळी करत असाल तर पंधरा मिनिटांच्या आतबाहेर होतं. रात्री पारा बारा अंशांवर उतरतो तेव्हा फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत चॉकलेट घट्ट झालेलं असेल. झालं तर घाबरू नका, गरम पाण्याच्या पातेल्यावर मिनिटभर धरा.

आधी बिस्किटं आणि दाणे घाला, दोन-तीनदा खालून वर घ्या. मग मार्शमेलो. चमचा गोल फिरवू नका, पोह्यांना दूध लावताना जसा हलक्या हाताने वरखाली करतो तसा करा. थोडे मार्शमेलो अर्धवट पांढरे दिसले पाहिजेत. डब्यात ओता, वरून बटर पेपर ठेवून तळहाताने दाबा, कोपऱ्यांत विशेष. वडी थापायची तशी गुळगुळीत करायची नाही, वरून खडबडीतच छान दिसते. नाव सार्थ होतं. फक्त आत पोकळी राहायला नको, नाहीतर कापताना तिथेच तुकडा निखळतो. पाच-सहा मार्शमेलो आणि थोडे दाणे वरून लावायला आधीच बाजूला काढून ठेवा.

ओट्यावर दोन तास पुरतात. घाई असेल तर अर्धा तास फ्रिजमध्ये, त्याहून जास्त नाही. फ्रिजमधून काढलेल्या चॉकलेटला बाहेर घाम येतो, पृष्ठभागावर पाणी धरतं, त्यात साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढरट खरखरीत थर राहतो. शिवाय बिस्किटं सादळतात. नाताळच्या दिवसांत पुण्याच्या घरात फ्रिजची गरजच नाही. हीच वडी एप्रिलमध्ये कराल तर मात्र दुसरी गोष्ट, तेव्हा ती ताटातच लोळेल. ही थंडीचीच वडी.

कागदाची टोकं धरून लादी पाटावर घ्या. मोठी सुरी गरम पाण्यात धरा, पूर्ण कोरडी पुसा, मग कापा. इथेही कोरडं म्हणजे कोरडं. सुरी पुढेमागे करवतीसारखी ओढू नका, दोन्ही हातांनी सरळ खाली दाबा. पहिली कडेची पट्टी वेडीवाकडी निघते, ती घरच्यांची. मी त्या पट्टीचे तुकडे एका वाटीत ठेवतो आणि कुणाला सांगत नाही.

वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात दहा-बारा दिवस चांगल्या राहतात. झाकण सैल असेल तर दोन उलट्या गोष्टी एकदम होतात: मार्शमेलो वाळून कडक होतात आणि बिस्किटं सादळून मऊ पडतात. दाणे जुने असतील तर आठवड्यात खवट वास येतो, म्हणून दाणे नवीन घ्या. ज्यांना द्यायच्या त्यांना दाण्यांची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा. डब्यावर काय काय घातलंय त्याची चिठ्ठी लावा, तारखेसकट. घरात चार वर्षांखालचं मूल असेल तर मार्शमेलो आणि अख्खे दाणे असलेली वडी त्याला देऊ नका, घशात अडकतात. त्याच्यासाठी नुसतं बिस्किट चॉकलेटमध्ये अर्धं बुडवून ठेवा, तेही तितक्याच आनंदाने खातं.

बदल करायचे तर एक-दोन सांगतो, बाकी तुम्ही कराच. बिस्किटांतला निम्मा भाग काढून त्याजागी लोणावळ्याची दाण्याची चिक्की जाडसर कुटून घातली. हे माझ्या मते मूळ कृतीपेक्षा सरस झालं. गुळाचा खमंगपणा आणि डार्क चॉकलेटचा कडवटपणा यांचं चांगलं जमतं. मग दाणे वेगळे कमी घाला. दुसरं, आलेपाकाच्या वडीचे हरभऱ्याएवढे तुकडे, दोन चमचे. वरच्या आजोबांना हेच आवडतात. टुटीफ्रुटी घालून पाहिली, नातीशिवाय कुणी दाद दिली नाही. खारे काजू घातले तर चिमूटभर मीठ वगळा.

ताट सजवायला चाळणीतून पिठीसाखर भुरभुरवा, अगदी शेवटी, ताट उचलायच्या आधी. आधी घातली तर ओल धरून दिसेनाशी होते. नातीला तो बर्फ वाटतो. द्यायच्या बारा वड्या मी एकेक करून बटर पेपरात गुंडाळतो आणि दोन्ही टोकांना पीळ देतो, पूर्वी लिमलेटच्या गोळ्यांना असायचा तसा. मग क्रोशाचा रुमाल, त्यांचाच, धुऊन इस्त्री केलेला. जिना चढून मी स्वतः नेतो. गेल्या वर्षी दार उघडलं त्या वहिनींनी रुमाल वर करून बघितलं आणि विचारलं, "भाऊ, पाक कितीतारी घेतलात?" मी कुठली तार सांगणार. म्हटलं, यंदा हिला विचारा.

राहिलं भांडं. चॉकलेट लागलेलं भांडं लगेच नळाखाली धरू नका, चिकट थर मोरीत जाऊन पाइपात गोठतो. भांड्यात दोन कप गरम दूध ओता, त्याच सिलिकॉनच्या चमच्याने कडा खरवडा, हवी तर वेलदोड्याची पूड चिमूटभर. भांडं निम्मं आपोआप स्वच्छ होतं. मग दोन कपांत गाळून घ्या, एक तिला, एक तुम्हाला.